आरोग्यावर मराठीत लिहून डॉक्टरला मिळतं काय?

डॉक्टर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात नवीन दवाखाना टाकलाय, आजारांविषयी मराठीत लिहायची हौस आहे, पण त्यातून नाव, पुरस्कार, पेशंट असं काही पदरात पडतं, की नुसतीच हमाली? इथल्या वर्तमानपत्रांत आणि दिवाळी अंकांत मी बरीच वर्षं लिहितोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पुरस्कारांचं उरकू. दोन-चार लेख छापून आले की फोन सुरू होतात. 'सर, आपली आरोग्यरत्नसाठी निवड झालीय.' हॉटेलात समारंभ, फेटा, शाल, ढाल, फोटो. बोलणं संपता संपता हळूच 'नोंदणी शुल्क' निघतं. निवड त्यांनी करायची आणि पैसे आपण भरायचे! सरळ फोन ठेवायचा. गावच्या वाचनालयानं किंवा शाळेनं बोलावलं तर मात्र जरूर जा. तिथं नारळ आणि एखादं पुस्तक मिळतं, पण बोलावणाऱ्यानं तुमचा लेख खरंच वाचलेला असतो.

पेशंट थोडे वाढतात, नाही असं नाही. पण बरेचजण खिशात कात्रण घेऊन भांडायला येतात. 'सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय, मग मला का देताय?' मग त्याला सायनसचा जंतुसंसर्ग समजावून सांगण्यात दहा मिनिटं जातात. मला तरी असे पेशंट आवडतात.

सगळ्यात जास्त गाजला तो दुधावरचा लेख. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेऊन धारोष्ण दूध पिणं हा आपल्याकडं अभिमानाचा विषय, आणि मी लिहिलं की दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा एक जंतुसंसर्ग, होऊ शकतो. ताप चढतो-उतरतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, कंबर आणि सांधे धरतात, आणि रक्ताची नेमकी तपासणी होईपर्यंत माणूस टायफॉईडची औषधं खात राहतो. निदान झालं की साधारण ६ आठवडे दोन अँटिबायोटिक्स घ्यावी लागतात. लेख आला त्याच दिवशी एक गवळीमामा दवाखान्यात हजर. 'काय ओ डॉक्टर, आमच्या पोटावर पाय आणताय व्हय?' बसवलं, चहा दिला. मामांचा पुढचा प्रश्न खरा मुद्द्याचा होता: 'मग आमी करायचं काय?'

त्याचं उत्तर म्हणजे दुसरा लेख. म्हैस गाभडली (या आजारात गर्भ पडतो) तर वार (गर्भाबरोबर पडणारा जार) आणि मेलेलं वासरू उघड्या हातानं उचलायचं नाही, खोल पुरायचं. रेडी ४ ते ८ महिन्यांची असतानाच ब्रुसेलाची लस टोचून घ्यायची. ही लस सरकारच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात आहे. पुढं करवीर तालुक्यातल्या एका गावात व्याख्यानाला गेलो, तर दूध संस्थेच्या फळ्यावर फॅट आणि दराच्या खाली कुणीतरी खडूनं 'रेडीला लस ४ ते ८ महिने' असं लिहून ठेवलेलं. लेखकाचं नाव अर्थातच नव्हतं. मान्यता म्हणतात ती मला त्या फळ्यावर दिसली. ढाली कपाटावर आहेत, त्यांच्यावर धूळ आहे.

नावाचा मोह तसाही लवकर सुटतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेच्या महापुरात वीज गेली तेव्हा मधुमेहींसाठी छोटं टिपण लिहिलं होतं: वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आतल्या तापमानात साधारण ४ आठवडे टिकतं, फ्रीज बंद पडला म्हणून फेकू नका, ऊन लागू देऊ नका. व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत ते माझ्याकडंच परत आलं, खाली भलत्याच डॉक्टरांचं नाव! हसलो आणि पुढं पाठवलं. मजकूर बरोबर होता.

आता कायद्याचं, कारण नवीन मंडळी इथंच अडखळतात. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता सार्वजनिक आरोग्यावर स्वतःच्या नावानं लिहायला, आकाशवाणीवर बोलायला मुभा देते. मात्र त्यातून स्वतःची जाहिरात किंवा पेशंट ओढणं होता कामा नये. २०२३ च्या ऑगस्टात नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून २००२ चेच धरून चाला. लेखाखाली दवाखान्याचा पत्ता आणि वेळा छापायचा आग्रह संपादक करतील, तो मानू नका.

पेशंटची गोष्ट लिहिताना तर फार जपा. नुसतं नाव काढून भागत नाही. 'शिवाजी पेठेतले, तालमीत वाढलेले, पन्नाशीचे, बुलेटवाले एक गृहस्थ' असं लिहिलंत की अख्ख्या पेठेला संध्याकाळपर्यंत माणूस कळतो, आणि त्याला मूळव्याध आहे हेही कळतं. पेठ बदला, वय बदला, बुलेट काढून टाका. आणि शक्य असेल तर त्याला लेख आधी वाचून दाखवून परवानगी घ्या. माझ्या एका पेशंटनं परवानगी दिली ती एका अटीवर: गोष्टीत त्यांना सांगलीचं करायचं नाही.

पुरस्कार मिळालाच तर पाटीवर आणि चिठ्ठीवर छापावा का, असंही विचारलंय तुम्ही. त्याच आचारसंहितेत पाटीचा आकार अवास्तव नको आणि मजकुरात नाव, अधिकृत पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक एवढंच हवं असा नियम आहे. चिठ्ठीलाही तोच लागू. 'आरोग्यरत्न' त्यात घुसवायला जाऊ नका.

पहिला विषय सुचत नसेल तर पावसाळा तोंडावर आहे, लेप्टोवर, म्हणजे जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापावर लिहा. चिखलात भात लावणाऱ्यांच्या पायाच्या जखमा, गोठ्यातलं मुताचं पाणी, ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं, डोळे लाल झाले की कुठं जायचं, एवढंच लिहा. छापायला देण्याआधी एखाद्या आशाताईंना वाचायला द्या. जिथं त्या थांबतील ते वाक्य बदला.