दोन राउटरांमध्ये पासवर्डविना लॉगिन : किल्ली ठेवूनही पासवर्ड का विचारला जातो?

आपण लिहिले आहे की नागपुरातील आपल्या दुमजली घरात दोन राउटर असून दोन्हींवर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली आहे, आणि वरच्या राउटरच्या सेटिंग्जचा बॅकअप रोज रात्री खालच्या राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर आपोआप यावा अशी आपली इच्छा आहे. मात्र एसएसएचसाठी (दुसऱ्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याच्या पद्धतीसाठी) बनवलेल्या किल्ल्यांच्या जोडीतील सार्वजनिक किल्ली वरच्या राउटरवर रूटच्या, म्हणजे मुख्य प्रशासक खात्याच्या, ‘.एसएसएच’ फोल्डरात ठेवूनही पासवर्ड विचारला जातो आणि काम तेथेच अडते. मे महिन्यात स्लॅबखाली राउटर किती तापतो आणि वीज ये-जा करताना उपकरणे कशी निकामी होतात, हे आपण नागपूरकर जाणतोच. त्यामुळे हा बॅकअप घेण्याचा विचार मला अगदी योग्य वाटतो.

आपली किल्ली बहुधा बरोबर आहे, जागा चुकली आहे. लॅपटॉपवरील लिनक्समध्ये ओपनएसएसएच हा एसएसएचचा प्रोग्रॅम असतो आणि तेथे ‘.एसएसएच’ हीच जागा योग्य असते. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये मात्र कमी मेमरीसाठी बनवलेला ड्रॉपबेअर हा सर्व्हर असतो आणि तेथे रूटसाठी मान्य किल्ल्यांची ठरलेली जागा म्हणजे ‘ईटीसी’मधील ‘ड्रॉपबेअर’ फोल्डरातील ‘ऑथराइज्ड_कीज’ ही फाइल. ती हाताने लिहिण्यापेक्षा वरच्या राउटरच्या लूसी पानावर (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या सेटिंग्जच्या पानावर) सिस्टम, त्यात अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आणि त्यात एसएसएच कीज येथे किल्ली पेस्ट करणे अधिक सुरक्षित, कारण त्यामुळे ती आपोआप योग्य फाइलमध्ये जाते. हाताने लिहायचीच असल्यास संपूर्ण किल्ली एकाच ओळीत आहे ना, हे नीट पाहावे. टर्मिनलमधून कॉपी करताना ओळ मध्येच तुटली तर ती किल्ली ओळखली जात नाही. फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी, कारण इतरांना लिहिता येईल अशी फाइल ड्रॉपबेअर नाकारतो.

किल्लीची जोडी लॅपटॉपवर बनवली असल्यास ती बाजूला ठेवून खालच्या राउटरवरच ‘ड्रॉपबेअरकी’ या आदेशाने नवी बनवावी, असे मी सुचवीन. ओपनएसएसएच आणि ड्रॉपबेअर या दोन्ही प्रोग्रॅमांच्या खाजगी किल्लीच्या फाइलचे स्वरूप वेगळे असते. किल्लीचा प्रकार ईडी२५५१९ निवडावा. ड्रॉपबेअरमध्ये तो २०२०.७९ या आवृत्तीपासून आहे आणि त्याची सार्वजनिक किल्ली आरएसए या दुसऱ्या प्रकारच्या किल्लीपेक्षा पुष्कळ आखूड असते. खाजगी किल्ली ‘.एसएसएच’मध्ये ‘आयडी_ड्रॉपबेअर’ या नावाने ठेवल्यास ड्रॉपबेअरचा क्लायंट, म्हणजे लॉगिन करणारा प्रोग्रॅम, ती न सांगता वापरतो. म्हणजे आपण वापरलेला फोल्डर निरुपयोगी नाही. तो ज्या राउटरवरून लॉगिन करायचे त्यावर (खालच्या) हवा, ज्यावर जायचे त्यावर (वरच्या) नव्हे.

त्यानंतर खालच्या राउटरवरून एकदा स्वतः लॉगिन करून पाहावे. अनोळखी यंत्रावर विश्वास ठेवायचा का, असा प्रश्न पहिल्या वेळी येतो आणि क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या) कामात त्याचे उत्तर द्यायला कोणी बसलेले नसते. हो म्हटल्यावर ती ओळख ‘नोन_होस्ट्स’मध्ये नोंदवली जाते. तरीही पासवर्ड विचारला गेला, तर वरच्या राउटरवर ‘लॉगरीड’ हा नोंदी दाखवणारा आदेश चालवून पाहावे. परवानगीची अडचण असेल, तर ती तेथे स्पष्ट शब्दांत लिहिलेली सापडते.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पासवर्डविना चालणारी ही किल्ली ज्याच्या हाती पडेल त्याला वरचा राउटर पूर्ण उघडा होतो. म्हणून ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये तिच्या आधी ‘कमांड’ हा पर्याय लिहून तिला ‘सिसअपग्रेड’ या ओपनडब्ल्यूआरटीच्या साधनाच्या बॅकअपच्या आदेशापुरतेच बांधावे, मग त्या किल्लीने दुसरा कोणताही आदेश चालवता येत नाही. मात्र हे बंधन साधे लॉगिन पडताळून झाल्यावरच घालावे, नाहीतर चूक नेमकी कोठे आहे हे कळणार नाही. बॅकअपच्या फाइलमध्ये वायफायचा पासवर्डही असतो, तेव्हा तो पेनड्राइव्ह घरातील सामायिक फोल्डर म्हणून उघडा ठेवू नये.

पासवर्डने लॉगिन बंद करायचे असेल, तर त्याआधी आपल्या लॅपटॉपची वेगळी किल्लीही दोन्ही राउटरांवर टाकून तपासून घ्यावी. तसेच खालच्या राउटरवरील ‘.एसएसएच’ फोल्डराचे नाव ‘सिसअपग्रेड.कॉन्फ’मध्ये (अपग्रेडमध्ये जपायच्या फाइलींच्या यादीत) लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या फर्मवेअर अपग्रेडनंतर किल्ली नव्याने बनवावी लागणार नाही.