नवा कॉम्प्युटर राहू द्या, आधी व्हीसीआर उघडा

प्रश्न : घरात व्हीएचएस कॅसेटींनी भरलेली एक पेटी आहे. जुना व्हीसीआर अजून चालतो. यूएसबीला जोडायचं छोटं कॅप्चर यंत्र आणून दोन-तीन कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. पण चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो, कुणी हात हलवला की कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, कॅसेट संपत येईपर्यंत आवाज ओठांच्या मागे पडलेला असतो आणि सगळ्यांचे चेहरे फुगलेले दिसतात. कॉम्प्युटर बराच जुना आहे. नवा घेऊ का?

उत्तर : नको. तुमच्या चार तक्रारींची कारणं दुसरीकडे आहेत आणि त्यातल्या एकीलाही नवा कॉम्प्युटर हे औषध नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर ते व्हीसीआरच्या सर्व्हिसिंगवर करा. फुनाई या जपानी कंपनीने 2016 साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, ती शेवटच्या उत्पादकांपैकी होती. म्हणजे आज जे यंत्र चालतंय ते जुनंच असणार, आणि त्याचे रबरी पट्टे, हेड रोज थोडे थोडे संपत असणार. कॉम्प्युटर पुढच्या वर्षीही मिळेल.

व्हीसीआरचं झाकण उघडलंत की आत तिरपा बसवलेला चकचकीत ड्रम दिसेल. चित्र वाचणारी हेड त्याच्या कडेला असतात, नखाच्या टोकाहूनही बारीक. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या तिथे अजिबात नेऊ नका, कापसाचा धागा अडकला की हेडचा तुकडा उडतो. यंत्राची वायर काढा, शॅमॉय चामड्याचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, तो ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवा. चामडं वरखाली घासायचं नाही. मग सगळं नीट वाळू द्या. हात थरथरत असेल तर हे काम जाणत्या मेकॅनिकला द्या, त्यात कमीपणा नाही.

कॅसेट घालण्याआधी तिच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीची कड बघा. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नका, बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि बुरशी साफ करून देणाऱ्याकडेच द्या. बाकीच्या कॅसेटींचं मागच्या कडेचं प्लॅस्टिकचं छोटं पान शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. वर्षानुवर्षं न हललेली फीत एकदा शेवटापर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा आणि मगच प्ले करा.

आता वाकडं चित्र. व्हीएचएसची फीत कधीच अगदी एकसारख्या वेगाने वाचली जात नाही, त्यामुळे चित्रातली प्रत्येक ओळ किंचित लवकर किंवा उशिरा सुरू होते. जुने टीव्ही हे निमूट सांभाळून घ्यायचे. कॅप्चर यंत्राला ते जमत नाही. ओळी पुन्हा वेळेवर आणणाऱ्या सर्किटला टाइम बेस करेक्टर म्हणतात. काही वरच्या दर्जाच्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. नसेल तर एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर दोघांच्या मधे जोडून बघा : व्हीसीआरमधून रेकॉर्डर, रेकॉर्डरमधून कॅप्चर यंत्र. डिस्कवर काही लिहायचं नाही, सिग्नल नुसता आतून जाऊ द्यायचा. प्रत्येक मॉडेलने हे साधतंच असं नाही, पण साधलं तर फरक लगेच दिसतो. व्हीसीआरला एस-व्हिडिओ या जास्त स्वच्छ चित्र देणाऱ्या जोडणीची गोल जागा असेल तर पिवळ्या पिनेऐवजी ती वापरा.

मागे पडणाऱ्या आवाजाचं मूळही इथेच असतं. फितीवरच्या खराब जागी सिग्नल तुटला की कॅप्चर यंत्र चित्राच्या काही फ्रेम गाळतं, आवाज मात्र अखंड चालू राहतो. चित्र आखूड, आवाज लांब. सिग्नल स्थिर झाला की हे दुखणं बहुतेक वेळा आपोआप जातं.

कंगव्याच्या रेघा हा मात्र दोष नाही. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. दोन्ही अर्धी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली. मूळ फाइलमध्ये त्या रेघा तशाच राहू द्या. बघायची प्रत करताना डीइंटरलेस करा, म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करा, आणि तेही सेकंदाला 50 फ्रेम ठेवून. 25 ठेवल्यात तर निम्मी हालचाल फेकून दिल्यासारखं होतं. अमेरिका-जपानकडच्या एनटीएससी पद्धतीची कॅसेट असेल तर हाच आकडा 60च्या जवळ जातो. फुगलेले चेहरे म्हणजे 4:3 चित्र 16:9 पडद्यावर ताणलेलं. फाइलचं प्रमाण 4:3 करा, दोन बाजूंच्या काळ्या पट्ट्या खुशाल दिसू द्या.

कॅप्चर यंत्राच्या खोक्यात आलेलं सॉफ्टवेअर बहुधा सरळ दाबलेली छोटी फाइल बनवतं. ते बाजूला ठेवा. व्हर्च्युअलडबसारख्या प्रोग्रामने हफयुव्ह या विनाघट कोडेकमध्ये (चित्रातलं काहीही न गाळता साठवायच्या पद्धतीत) 720×576 आकारात कॅप्चर करा. तासाला साधारण 30 जीबी जागा जाते, तेव्हा मोठी हार्ड डिस्क लागेल. नातेवाइकांना पाठवायची एमपी4 त्यावरून कधीही काढता येते. उलटं होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मिनीडीव्ही कॅसेटी आणि कॅमेरा आहे. त्याही याच यूएसबी यंत्रातून उतरवायच्या का?

उत्तर : चुकूनही नको! 1995 साली आलेल्या या कॅसेटीवर चित्र आधीच डिजिटल असतं. यूएसबी यंत्रातून नेलंत तर डिजिटलचं ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल, असा निष्कारण फेरा होतो. कॅमेऱ्याला फायरवायरची (कॉम्प्युटरला जोडायच्या डिजिटल वायरची) छोटी चौकोनी जागा असेल, तिच्यातून फीत जशीच्या तशी उतरते, तासाला सुमारे 13 जीबी. चित्रीकरणाची तारीख आणि वेळही सोबत येते. नव्या कॉम्प्युटरना फायरवायर नसतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र त्याचं कार्ड बसवता येतं, म्हणून तो भंगारात देऊ नका.

प्रश्न : एआय वापरून व्हीएचएसचं चित्र 4के करून मिळतं म्हणतात. करावं का?

उत्तर : गंमत म्हणून एखाद्या प्रतीवर करा. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील सुमारे 240 ओळींचाच असतो. बाकीचं एआय अंदाजाने भरतं, आणि लांबून टिपलेल्या चेहऱ्यांवर तो अंदाज हमखास फसतो. आजीच्या जागी आजीसारखी दिसणारी कुणीतरी बाई येते. मूळ हफयुव्ह फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि कॅसेटी टाकू नका. कोरड्या, थंड जागी पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उद्या आणखी चांगलं यंत्र हाती आलं तर पुन्हा उतरवता येतील.