दुर्बिणीतून की पोट उघडून? आधी हात कोणाचा ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई 47 वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या गावची. वर्षभर पाळीत फार जातंय, सोनोग्राफीत गर्भपिशवीला 6 सेंटीमीटरची गाठ. बेळगावातले एक डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून पिशवी काढू, दुसरे म्हणतात पोटावर चीर देऊन. यातलं बरं कोणतं? आणि दुर्बीणवाला डॉक्टर त्यात खरंच तयार आहे हे आपण कसं ओळखायचं?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. माहेर खानापूरकडचंच, शिक्षण बेळगावात, आता प्रॅक्टिस निपाणी भागात. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचून बरं वाटलं, कारण तो फारसा कोणी विचारत नाही. माझ्या ओपीडीत बाया विचारतात, "डॉक्टरबाई, टाके किती पडतील?" नवरे विचारतात, खर्च किती. दुर्बीण कोणाच्या हातात असणार आहे, हे विचारणारा महिन्यातून एखादा.

पहिल्या भागाचं उत्तर चटकन देते. दोन्ही पद्धतीत पिशवी तीच निघते. दुर्बिणीत पोटावर 5 ते 10 मिलिमीटरची तीन-चार छिद्रं, दुखणं कमी, जखम पिकण्याची भीती कमी, आणि बाई सुमारे दोन आठवडे आधी आपल्या कामाला लागते. उलट बाजूही आहे. किडनीतून लघवीच्या पिशवीकडे येणारी नळी आणि खुद्द लघवीची पिशवी, यांना इजा होण्याचं प्रमाण दुर्बिणीत चीर देण्यापेक्षा थोडं जास्त आढळलंय. ती नळी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या खालून, गर्भपिशवीच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरवरून जाते. पुलाखालून पाणी, असं आम्हाला शिकवतात. पूल कापायचा, पाण्याला धक्का न लावता.

आणि तिसरा रस्ता दोन्ही डॉक्टरांनी सांगितलेला दिसत नाही: खालून, म्हणजे योनीमार्गातून पिशवी काढणं. पोटावर एकही छिद्र नाही. पिशवी फार मोठी नसेल आणि हलती असेल तर जगभरचे अभ्यास याच पद्धतीला पहिली पसंती देतात. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी तर अंग बाहेर आलेलं नसतानाही खालून पिशवी काढण्याची पद्धत आयुष्यभर शिकवली. पण यात यंत्र नाही, झगमग नाही, म्हणून नवीन पोरं ती शिकायला तितकी उत्सुक नसतात. हे माझं मत, सहकाऱ्यांना आवडणार नाही.

आता शिकण्याबद्दल. दुर्बिणीतून काम करताना अवजार पोटाच्या भिंतीतून आत जातं आणि भिंत त्याला टेकूसारखी होते. त्यामुळे हात डावीकडे नेला की आतलं टोक उजवीकडे जातं. डोळे पडद्यावर, पडदा सपाट, त्यामुळे खोली कळत नाही. हाताला ऊतीचा स्पर्श नाही, फक्त सळीतून येणारा अंदाज. चीर देऊन शेकडो शस्त्रक्रिया केलेला उत्तम सर्जनही इथं पहिल्या दिवशी बालवाडीत असतो.

आमच्या रेसिडेन्सीत तीन वर्षांतल्या रात्री सिझर करण्यात जात. दुर्बिणीच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आमचं काम एकच, कॅमेरा धरून उभं राहणं. मग मी खोलीवर सोय केली. चपलांचं खोकं, आत छोटा दिवा, जुना वेबकॅम, आणि ओटीतून बाद झालेली दोन ग्रास्पर, म्हणजे पकडायचे लांब चिमटे. चंदगडच्या मैत्रिणीनं घरून काजू आणलेले, तांबड्या सालीचे. दोन्ही हातांच्या चिमट्यांनी गर न मोडता साल काढायची, हा धडा. पहिल्या पंधरवड्यात एकही काजू अखंड निघाला नाही, तुकडे खाऊन रूममेटचं वजन वाढलं. मग कोंबडीच्या कातडीवर टाके, मग खोक्याच्या आत दोऱ्याची गाठ. गाठीला मला दोन महिने लागले.

हा पोरखेळ वाटेल, पण अमेरिकेत अशा खोक्यातल्या पाच ठरावीक कामांची परीक्षा आहे: कड्या एका खुंटीवरून दुसरीवर नेणं, आखल्या रेषेवर कापणं, फास टाकणं, आणि दोन प्रकारे टाका घालून गाठ मारणं. 2020 पासून तिथल्या नव्या स्त्रीरोगतज्ज्ञांना ती किंवा तशीच दुसरी परीक्षा पास व्हावी लागते. डेन्मार्कमध्ये शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट केले, एकाला आधी संगणकाच्या आभासी यंत्रावर तयार केलं, दुसऱ्याला नेहमीसारखं थेट ओटीत आणलं. गर्भनलिका काढायला पहिल्या गटाला 12 मिनिटं लागली, दुसऱ्याला 24. हा अभ्यास 2009 साली छापून आला. वेळेपेक्षा मला त्यातलं दुसरं महत्त्वाचं वाटतं, यंत्रावर शिकलेल्यांचं कामही सरस होतं. चुका कुठं करायच्या, खोक्यात की कुणाच्या आईच्या पोटात, एवढाच तो फरक.

खोक्यानं हात तयार होतो, डोकं केसेसनी. फिनलंडमध्ये 1996 साली झालेल्या पिशवीच्या 10,110 शस्त्रक्रिया तपासल्या. दुर्बिणीतून 30 पेक्षा जास्त पिशव्या काढलेल्या सर्जनकडे लघवीच्या नळीला इजा 0.5 टक्के, त्याहून कमी केलेल्यांकडे 2.2 टक्के. फ्रान्समधल्या एका मुरलेल्या केंद्रातही पहिल्या काही वर्षांत मोठी गुंतागुंत 5.6 टक्के होती, पुढं 1.3 वर आली. यंत्रं सुधारली हे खरं, पण हातही तेच मुरलेले होते.

माझी स्वतःची एक केस सांगते. सुरुवातीची दहावी-अकरावी असेल. बाईची दोन सिझर झालेली, लघवीची पिशवी गर्भाशयाला घट्ट चिकटलेली. मी सोडवायला गेले आणि ती उघडली. भोक तिथल्या तिथं दिसलं आणि सीनियर शेजारी उभे होते, म्हणून निभावलं. त्यांनी टाके घेतले, दहा दिवस लघवीसाठी बाहेरून रबरी नळी (कॅथेटर) ठेवली, बाई बरी झाली. दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता दुखूलंय तेवढं बघा." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. तुमच्या आईची सिझर झालीयत का, हे म्हणूनच डॉक्टरांना आपणहून सांगा.

तर विचारायचं काय? भिंतीवरची सर्टिफिकिटं मोजू नका, त्यातली काही तीन दिवसांच्या कोर्सची असतात आणि त्या तीन दिवसांत बहुतेक वेळ दुसऱ्याचं ऑपरेशन पडद्यावर बघण्यात जातो. सरळ विचारा: डॉक्टर, दुर्बिणीतून पिशवी तुम्ही स्वतः किती काढल्यात, गेल्या वर्षात किती? दुर्बीण सोडून पोट उघडावं लागलं असं शेवटचं कधी झालं? "कधीच नाही" हे उत्तर आलं तर मला शंका येईल. ज्यानं पुष्कळ केल्यात त्याला कधीतरी उघडावं लागतंच, आणि वेळेवर उघडणं हाही शिकण्याचाच भाग. लघवीच्या नळीला काही झालं तर युरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचा सर्जन, किती वेळात येईल, हेही विचारा. प्रश्नावर चिडणारे डॉक्टर सोडून द्या, बेळगावात पर्याय पुष्कळ आहेत. आणि चीर देऊ म्हणणारा डॉक्टर मागासलेला असं समजू नका. "माझा हात यात बसलाय" असं तो सांगत असेल तर तो प्रामाणिक आहे.

एका बाबतीत मात्र दुर्बीण नकोच. वयाच्या या टप्प्यावर जास्त जात असेल तर आधी पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी आणि आतल्या अस्तराचा तुकडा तपासून घ्या. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तर चित्र बदलतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा बायकांमध्ये साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्यांत 96.5 टक्के होतं, दुर्बिणीतून केलेल्यांत 86. कोणालाच हे अपेक्षित नव्हतं. तसंच मोठी गाठ यंत्रानं पोटातच बारीक करून काढण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2014 मध्ये इशारा दिला, कारण गाठीसाठी ऑपरेशन होणाऱ्या सुमारे 350 बायकांत एकीला न कळलेला कॅन्सर असू शकतो. तुमच्या आईची गाठ 6 सेंटीमीटरची, पिशवी बहुधा अखंड खालून निघेल. तरी विचारा.

आणि पिशवी काढायलाच हवी का, हेही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या ते 2019 मध्ये सगळ्यांनी वाचलं. सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखायला सांगितलं. 47 व्या वर्षी पाळी जायला थोडीच वर्षं उरलेली असतात, त्यानंतर गाठी आपोआप आक्रसतात. गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल यांवर तेवढा काळ निघतो का, हे आधी बघा. गाठ कुठं आहे यावर ते अवलंबून आहे.

ऑपरेशन झालंच, तर दोन दिवस खांदा दुखेल. पोटात भरलेल्या वायूमुळे दुखतो, हृदयाचं काही नाही. खरी अडचण घरी येते. बाहेर टाका दिसत नाही, म्हणून सासूला खरं वाटत नाही आणि सून चौथ्या दिवशी घागर उचलते. आतला टाका मात्र सहा ते आठ आठवडे घेतोच. तोवर वजन नाही, संबंध नाही. आणि दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पोट फुगत असेल, ताप किंवा कमरेच्या एका बाजूला कळ असेल, खालून पाण्यासारखं सतत झिरपत असेल, तर पंधरा दिवसांनीसुद्धा त्याच रात्री दवाखाना गाठा. "गॅस झालाय" म्हणून ओवा देत बसू नका.

दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. संमतीचा कागद बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. आईला वाचता येत नसेल तर मराठीत समजावून सांगितल्याशिवाय अंगठा-सही नको. कन्नड नर्ससुद्धा मायेनं सांगतात, फक्त विचारावं लागतं. आणि गाव महाराष्ट्र हक्क सांगतो त्या 865 सीमागावांत असेल तर महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना तिथं लागू झालीय. रुग्णालय त्यात आहे का आणि हे ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा. कर्नाटकच्या आयुष्मान कार्डाचंही तिथंच कळेल.

हिमोग्लोबिन तुम्ही लिहिलेलं नाही. वर्षभर एवढं जात असेल तर ते 10 च्या खाली असण्याचीच शक्यता जास्त. तसं असेल तर तारीख घ्यायची घाई करू नका. शिरेतून लोह देऊन महिनाभरात ते बरंच वर येतं, आणि तेवढ्या महिन्यात अस्तराचा रिपोर्टही येईल, दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांचं मतही घेऊन होईल.