स्लॉट मशीनचं (कॅसिनोतल्या जुगाराच्या यंत्राचं) गणित शिकतोयस? आधी एवढंच कर
व्होलॅटिलिटी (बक्षिसांत किती चढउतार होतो ते) वगैरे नंतर बघू. आधी कागदावर तीन रील (मशीनमधली चिन्हांची फिरती चाकं) काढ, प्रत्येकावर २० चिन्हं, म्हणजे २०×२०×२० = ८००० जोड्या. प्रत्येक रीलवर ७ एकदाच असेल तर ७-७-७ ची शक्यता ८००० मध्ये १, आणि त्यावर ५००० नाणी मिळत असली तरी दर नाण्यामागे सरासरी ०.६२५ च परत येतं. अशी सगळ्या बक्षिसांची बेरीज केलीस की झाला आरटीपी (लावलेल्या पैशातलं सरासरी किती परत येतं ते). हे स्वतःच्या हाताने कर, मग डोक्यात पक्कं बसतं.

नवीन लोक चुकतात ते इथे:
- "एवढा वेळ लागलं नाही, आता लागणारच." नाही रे, मशीनला मागचं स्पिन आठवत नाही.
- ९५% आरटीपी म्हणजे १०० घेऊन बसलो की ९५ घेऊन उठणार असं नसतं, कॅसिनोचा ५% कट एकूण लावलेल्या पैशावर जातो, जिंकलेलं परत लावलंस की त्यावरही ५%.