विमानं वाढतायत, पण दीड लाख भरायचे का?

पत्र : तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. एअर इंडियाच्या वाढीच्या बातम्या वाचून ती कॉलेज सोडून एव्हिएशन डिप्लोमा करायचं म्हणते. क्लासवाले दीड लाख मागतात, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगतात. पण हल्ली सगळं मोबाइलवरच होतं, मग माणसं लागणार कशाला? – एक पालक

उत्तर : नमस्कार. आधी दीड लाखांचं बोलू. आत्ता भरू नका. ग्राउंड स्टाफला, म्हणजे विमानात नव्हे तर विमानतळावर काम करणाऱ्यांना, हा डिप्लोमा सक्तीचा नाही. ‘प्लेसमेंट’ म्हणजे नेमणूकपत्र कोण देणार, ते लेखी मागा. विमानतळावर गणवेशात दिसणारी बरीच माणसं विमान कंपनीच्या नाही, ग्राउंड हँडलिंग कंपनीच्या (विमान कंपन्यांसाठी विमानतळावरची कामं करणाऱ्या वेगळ्या कंपनीच्या) पगारावर असतात. क्लासवाले हे सहसा सांगत नाहीत.

बातम्या खऱ्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये टाटांनी एअर इंडिया घेतली, २०२३ मध्ये ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा ही विमान कंपनी तिच्यात विलीन झाली. पण ऑर्डर दिलेली विमानं यायला वर्षं लागतात आणि विलीनीकरणात दोन काउंटरांचं एक होतं. त्यामुळे बातमीच्या आकड्यावरून नोकऱ्या मोजू नका.

तुमची मोबाइलची शंका रास्त आहे. चेक-इन, सीट, बॅगेचं वजन ही चौकशी चॅटबॉटकडे गेली, ती परत येणार नाही. माणसाकडे उरतो तो गुंता, आणि कंपन्यांच्या भागीदाऱ्यांनी तो वाढतोच. कोडशेअरमध्ये तिकीट एका कंपनीचं, विमान दुसरीचं. समजा गोव्याच्या मोपा विमानतळाहून मुंबईला पोचायला उशीर झाला आणि पुढचं दुबईचं विमान चुकलं. दोन्ही प्रवास एकाच बुकिंगवर असतील तर पुढची सोय कंपनीने बघायची. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर बहुधा भुर्दंड प्रवाशाला. बॅगेच्या टॅगवर शेवटचं शहर कुठलं, तेही बघावं लागतं. हे सगळं घाबरलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला शांतपणे समजावणं, हे खरं काम. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हातात मोबाइल असूनही लोक काउंटरलाच गर्दी करून होते.

तुमच्याकडेही समुद्र खवळला की स्नॉर्कलिंग रद्द होतं. तेव्हा चिडलेल्या पाहुण्यांशी बोलतं कोण? लेक बोलत असेल तर निम्मी तयारी घरातच झालीय, आणि मुलाखतीत ते जरूर सांगू दे.

तिला पदवी पुरी करू दे. तोवर इंग्रजी बोलण्याचा सराव, हिंदी नीट आणि कोकणीही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उड्डाणं मोजकीच, त्यामुळे जवळची आशा मोपाची. पदवीनंतर विमान आणि हँडलिंग कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट अर्ज करायचा; नोकरीसाठी कोणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर फोन ठेवायचा.

आणि एक, पहाटेची शिफ्ट लागली तर तारकर्लीहून रोज मोपा जमायचं नाही. बांद्याला किंवा पेडण्याला खोली घ्यावी लागेल. ते भाडं पगारातून वजा करून काय उरतं, ते तिलाच कागदावर मांडायला सांगा.