क्लीन, वॉश, रिन्स, स्क्रब : नेमका फरक काय?

'क्लीन' सगळ्यांत ढोबळ. घाण गेली एवढंच तो सांगतो, कशाने ते नाही. 'वॉश' म्हटलं की पाणी आणि बहुधा साबण आलाच. 'रिन्स' म्हणजे नुसत्या पाण्याने विसळणं; म्हणून शाम्पूच्या बाटलीवर शेवटी 'रिन्स' लिहितात.

खरी गफलत होते ती 'घासणे'मुळे. आपल्याकडे भांडी, दात, फरशी सगळं घासतात. इंग्रजीत भांड्यांना 'वॉश', दातांना 'ब्रश', आणि चिकट डाग जोर लावून काढायचा असेल तेव्हाच 'स्क्रब'. 'आय स्क्रब माय टीथ' म्हणालात तर ऐकणाऱ्याला फरशीचा ब्रश आठवेल! करपलेल्या कढईला मात्र 'स्क्रब'च हवा.

'पुसणे'चंही तसंच: टेबल फडक्याने पुसलं तर 'वाइप', ओल्या पोछ्याने फरशी पुसली तर 'मॉप', धूळ झटकली तर 'डस्ट'. केर काढणं म्हणजे 'स्वीप'.

जंतूंचे शब्द वेगळे. 'सॅनिटाइज' म्हणजे जंतू सुरक्षित पातळीपर्यंत कमी करणं. 'डिसइन्फेक्ट' त्याहून कडक, पण काही जंतूंचे चिवट बीजाणू (म्हणजे कडक कवचातली सुप्त रूपं) त्यातूनही वाचतात. 'स्टरिलाइज'मध्ये तेही मरतात; त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाच्या, प्रेशर कुकरसारख्या यंत्रात दाबाखालची 121 अंश सेल्सिअसची वाफ साधारण 15 मिनिटं देतात. त्यामुळे रुमालाने पुसलेल्या चमच्याला 'स्टरिलाइज्ड' म्हणू नका. आणि क्रम लक्षात ठेवा: आधी 'क्लीन', मग 'डिसइन्फेक्ट'. मळाच्या थराखाली जंतुनाशक नीट पोचत नाही.