टाळं लावणाऱ्याचा खिसा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकी फुटबॉलमधल्या खेळाडू आणि संघमालकांच्या भांडणांवरच्या तुझ्या निबंधाचा खर्डा दोनदा वाचला. कष्ट दिसतात. पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस, 'हे भांडण करोडपती आणि अब्जाधीश यांच्यातलं, यात कामगार कुठे आला?' तो प्रश्न विचारायला हरकत नाही. तू मात्र तो विचारून उत्तर न शोधताच पुढे गेलीस आणि तिथून सगळा निबंध पगाराच्या आकड्यांतच अडकला.

पगार बाजूला ठेव आणि आधी दिवस मोज. आपला फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. हा तो नव्हे, हा लांबट चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकी खेळ. त्यात खेळाडूची सरासरी कारकीर्द सव्वातीन-साडेतीन वर्षांची, असं खेळाडूंची संघटना सांगते. लीग, म्हणजे संघमालकांची एनएफएल, म्हणते सहा, पण ती मोजते ती पहिल्याच वर्षी संघात टिकलेल्यांची. कोण काय मोजतं यावर एक परिच्छेद लिही, तो तुझ्या खर्ड्यात नाही. सहा धरले तरी एक हंगाम बुडाला की माणसाच्या उमेदीचा सहावा हिस्सा गेला. मालकाचा बुडतो एका वर्षाचा नफा, संघ त्याच्याकडेच राहतो आणि बहुतेकदा पुढे मुलांकडे जातो. थांबणं कोणाला परवडतं, हे असं पाहायचं.

मी हे शिकलो परळला, 1982 साली. 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी एका वकिलाच्या हाताखाली कागद वाहायचो. गेटवरच्या सभांना गर्दी मावत नसे. दिवाळीपर्यंत निम्मे चेहरे कोकणात आणि घाटावर गेले होते. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. त्याच वर्षी एनएफएलचे खेळाडूही 57 दिवस संपावर होते आणि 16 सामन्यांचा हंगाम 9 वर आला, हे मला फार उशिरा कळलं. तुलना ताणू नकोस. त्यांच्या घरी चूल विझत नव्हती.

1987 चा संप तू दोन ओळींत उरकलायस, तो वाढव. करार संपल्यावर दुसऱ्या संघात जायची मोकळीक हवी, ही मुख्य मागणी. मालकांनी एक आठवडा सामने रद्द केले आणि मग सरळ बदली खेळाडू मैदानात उतरवले. (गिरणगावात वाढलेल्याला 'बदली' शब्द समजावून सांगावा लागत नाही.) टीव्हीने तेही सामने दाखवले आणि त्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले गेले. जो मोंटाना, लॉरेन्स टेलर यांच्यासारखे मोठे खेळाडूही संप चालू असताना कामावर परतले. 24 दिवसांत संप बसला, हाती करारही नाही. वॉशिंग्टनच्या बदली संघाने तिन्ही सामने जिंकले आणि त्या संघाने पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामनाही जिंकला. त्या बदली खेळाडूंना विजेत्याची अंगठी मिळाली ती थेट 2018 मध्ये. दोन्हीकडून वापरली गेलेली ही माणसं कोणत्याच बाजूच्या निवेदनात नसतात.

मैदानात हरल्यावर संघटनेने जे केलं ते मला आजही भारी वाटतं. संघटना असेपर्यंत मालकांच्या आपसातल्या संगनमताला कामगार कायद्याचं कवच मिळतं. म्हणून 1989 मध्ये संघटनेने सामुदायिक वाटाघाटीचा आपला हक्कच सोडून दिला आणि खेळाडू स्पर्धा कायद्याखाली, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात गेले. 1992 मध्ये मिनियापोलिसच्या ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. 1993 च्या करारात मोकळीक आली आणि तिच्यासोबत प्रत्येक संघाच्या एकूण पगाराची कमाल मर्यादाही आली.

आता 2011. तू सगळीकडे 'संप' लिहिलंयस. तो संप नव्हता, टाळेबंदी होती. कुलूप मालकांनी लावलं, 12 मार्चला. हा फरक परीक्षेत चुकला तर गुण जातील, कोर्टात चुकला तर अशील जाईल. सुमारे 9 अब्ज डॉलरच्या उत्पन्नातून वरचा एक अब्ज मालक खेळाडूंशी वाटणी होण्याआधीच बाजूला काढत होते, त्यांना आणखी एक हवा होता. खर्च वाढलाय, म्हणाले. खेळाडू म्हणाले, मग दहा वर्षांचे तपासलेले हिशेब दाखवा. ते काही मिळाले नाहीत. 32 संघांत फक्त ग्रीन बे हा सामान्य भागधारकांच्या मालकीचा, त्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर होतो. बाकी 31 वह्या बंदच.

आणि इथे तुझा निबंध खरा सुरू व्हायला हवा. मालकांनी टीव्ही कंपन्यांशी असे करार केले होते की सामने झाले नाहीत तरी त्या हंगामात 4 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम हाती यावी. टाळं लावायच्या आधीच टाळ्याचा खर्च काढून ठेवलेला! 1 मार्चला न्यायाधीश डेव्हिड डोटी यांनी ठरवलं की हे खेळाडूंच्या हिताविरुद्ध आणि कराराचा भंग करणारं आहे. खेळाडूही गाफील नव्हते. संघटनेचे डीमॉरिस स्मिथ यांनी त्यांना आधीच्या हंगामातले शेवटचे तीन पगार बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

संघटनेने वाटाघाटीचा हक्क पुन्हा सोडला. टॉम ब्रेडी, पेटन मॅनिंग वगैरे दहा जणांनी दावा लावला. एप्रिलमध्ये टाळं उघडण्याचा आदेश मिळाला, पण अपिलात तो टिकला नाही. 8 जुलैच्या त्या निकालाचा आधार होता 1932 चा कायदा, म्हणजे कोर्टांनी मनाईहुकूम काढून संप मोडू नयेत म्हणून केलेला. तोच इथे टाळेबंदीच्या कामी आला. त्या निकालातलं असहमत न्यायाधीशाचं वेगळं मतही वाच.

मग 25 जुलैला समेट का झाला? कॅलेंडर बघ. खेळाडूंना तेव्हा पगार हंगामात, दर आठवड्याला मिळायचा. मार्च ते ऑगस्ट त्यांचं तसं थोडंच अडत होतं, विमा मात्र स्वतःच्या खिशातून भरावा लागत होता. ऑगस्टमध्ये सरावसामन्यांची तिकीटविक्री बुडायला लागली असती, आणि ती मालकांची. प्रत्यक्षात रद्द झाला तो एकच सरावसामना. दहा वर्षांचा करार झाला. एकूण उत्पन्नात खेळाडूंचा वाटा त्या काळात किमान 47 टक्के ठरला, मालकांना हवा असलेला 18 सामन्यांचा हंगाम टळला, अंगमेहनतीचे सराव कमी झाले.

या सगळ्याची किंमत कोणी भरली? 2010 मध्ये कॉलेजातल्या नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिला निवडलेला सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांच्या 78 दशलक्ष डॉलरच्या करारावर आला. पुढच्याच वर्षी पहिला निवडलेला कॅम न्यूटन चार वर्षांच्या 22 दशलक्षांवर. नवख्यांच्या पगाराला कात्री लागली आणि तिला दोन्ही बाजूंची संमती होती. कॉलेजातली जी पोरं अजून संघटनेची सभासदच नव्हती, त्यांच्या वतीने हात वर करायला त्या खोलीत कोण होतं? मला यात संघटनेची चूक दिसते. तुला दिसत नसेल तर तसं लिही, पण कारण दे.

रविवारी सकाळी ये. खर्डा ओळींमध्ये जागा सोडून छापून आण, बारीक अक्षर आता मला दिसत नाही. आणि त्यात 'संप' जिथे जिथे आहे तिथे आधीच लाल खूण करून ठेव.

तुझा,
काका